मामांच्या रिपोर्टात पी१६ पॉझिटिव्ह आलंय, हे चांगलं की वाईट?

ठाकूरद्वार_४

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. माझे मामा, वय ५८, आयुष्यात सिगरेट नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलेलं नाही. गणपतीच्या सुमारास दाढी करताना मानेला डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून आधी अँटिबायोटिकचा कोर्स झाला, मग दुसरा झाला, मग सुईची तपासणी, मग स्कॅन, आणि शेवटी टॉन्सिलमधून तुकडा काढला तेव्हा कळलं की मूळ तिकडे आहे. रिपोर्टात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, आणि खाली एक ओळ, पी१६ पॉझिटिव्ह, डिफ्यूज अँड स्ट्राँग. डॉक्टर ती ओळ बघून बोलले "हे त्यातल्या त्यात बरं आहे" आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. बाहेर पॅसेजमध्ये इतकी माणसं उभी होती की मला पण थांबून विचारायला जीवावर आलं.

घरी येऊन वाचत बसलो आणि डोकं आउट झालं. सगळीकडे लिहिलंय की पी१६ हे कॅन्सर रोखणारं प्रोटीन आहे, पेशीला विभागू देत नाही. मग ते एवढं ठासून भरलेलं असताना कॅन्सर झाला कसा? आणि झालाच आहे तर ते असणं बरं कसं?

दुसरं, हे पी१६ म्हणजे एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) व्हायरसची खूण असं वाचलं. हे मामीने पण वाचलंय. घरात दोघांचं बोलणं बंद आहे, जेवणाची ताटं वेगळी झालीत.

तिसरं, फॅमिली ग्रुपवर एका काकांनी 'पी५३ वाढवणारी' कसली तरी पावडर टाकलीय, आणि आईने ऑर्डर पण केलीय. हे पी५३ आणखी काय प्रकरण? कोणाला सोप्या मराठीत सांगता येईल का.

स्लाइडवाली

मी हिस्टोपॅथ लॅबला (बायोप्सीचे तुकडे तपासतात तिथे) आहे, रोजचं काम हेच, त्यामुळे व्हायरस वगैरे दुसरं कोणी सांगेल, मी फक्त ती ओळ येते कुठून ते सांगते.

मामांच्या टॉन्सिलचा तुकडा मेणात बसवून ब्लॉक करतात, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढून काचेवर घेतात. मग त्यावर पी१६ ला चिकटणारी अँटिबॉडी टाकायची, आणि जिथे ती चिकटली तिथे शेवटी तपकिरी रंग येतो, बाकी सगळं निळसर राहतं. साध्या टॉन्सिलच्या कापात पी१६ लावलं तर इथे-तिथे थोडे तपकिरी ठिपके दिसतात, बस. मामांसारख्या केसमध्ये स्लाइड नुसती उजेडासमोर धरली, मायक्रोस्कोप नको, तरी गाठीचा भाग कॉफी सांडल्यासारखा दिसतो. आत बघितलं तर न्यूक्लियस तपकिरी, सायटोप्लाझम पण तपकिरी, शेजारच्या निरोगी भागापाशी रंग एकदम तुटतो. गाठीच्या ७० टक्के किंवा जास्त पेशी अशा गडद असल्या तरच टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या गाठीत पॉझिटिव्ह लिहितात. फिकट किंवा तुरळक असेल तर निगेटिव्ह.

म्हणजे पॉझिटिव्ह याचा अर्थ इतकाच की प्रोटीन भरपूर आहे. ते काम करतंय की नाही हे त्या रंगात दिसत नाही. लोक इथेच गोंधळतात, आणि खरं सांगू का, कधीकधी रेसिडेंट डॉक्टर पण.

कांजूर_स्लो

स्लाइडवाली बरोबर बोलल्या, प्रोटीन आहे पण काम होत नाहीये. मी पेशीविज्ञानात पीएचडी करतोय (कधी संपेल विचारू नका), तर प्रयत्न करतो.

पेशीला दोन व्हायचं असेल तर आधी सगळ्या डीएनएची कॉपी काढावी लागते. त्या कॉपीच्या कामाचा हुकूम ई२एफ नावाची प्रोटीनं देतात, आणि एरवी त्यांना आरबी नावाचं प्रोटीन धरून ठेवतं. सीडीके ४ आणि ६ ही एन्झाइमं आरबीवर फॉस्फेट चढवतात, मग आरबीची पकड सुटते आणि काम सुरू होतं. पी१६ काय करतं, तर सीडीके ४/६ ला अडवतं. म्हणजे पी१६ जे काही थांबवतं ते आरबीच्या मार्फत. आरबीच नसेल तर पी१६ कितीही असो, उपयोग शून्य.

आता एचपीव्ही. याचा डीएनए जेमतेम आठ हजार अक्षरांचा, आपला तीनशे कोटींच्या वर. स्वतःचा डीएनए कॉपी करायचं पॉलिमरेज एन्झाइमसुद्धा त्याच्याकडे नाही, तो बहुतेक सगळं सामान पेशीचं वापरतो. आणि गंमत अशी की त्याला वाढायचं असतं त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये, ज्यांनी विभागणं केव्हाच सोडलेलं असतं, म्हणजे दुकान बंद, सामान आवरलेलं. म्हणून त्याचं ई७ प्रोटीन आरबीला पकडतं आणि त्याची विल्हेवाट लावतं. ई२एफ मोकळं, डीएनए कॉपीची यंत्रणा परत चालू, व्हायरसचं काम झालं.

इकडे आरबी गेल्यावर पी१६ च्या जीनवरचा दाब पण निघतो आणि पेशी पी१६ बनवतच सुटते. मोटरमनने ब्रेक दाबून धरलाय पण चाकापर्यंत जाणारा हवेचा पाइपच कोणीतरी कापलाय, गाडी थांबत नाही म्हणून तो आणखी जोरात दाबतोय, तसं. तुमच्या रिपोर्टात जी ओळ आहे ती त्या दाबण्याची आहे. म्हणून गाठीत पी१६ खच्चून दिसलं की पॅथॉलॉजिस्ट बोलतात, इथे बहुतेक ई७ आहे, म्हणजे एचपीव्ही.

आता पी५३. ई७ ने पेशीला जबरदस्तीने कामाला लावलं की पेशीला कळतं काहीतरी गडबड आहे. डीएनए तुटला, अवेळी कॉपी सुरू झाली, असं काही झालं की पी५३ साठतं आणि दोनपैकी एक गोष्ट करतं. एकतर पी२१ वगैरे जीन चालू करून पेशीला थांबवतं, नाहीतर बॅक्स, प्यूमा हे जीन चालू करून पेशीला आत्महत्या करायला लावतं. व्हायरसच्या दृष्टीने दोन्ही वाईट, पेशी मेली की तो पण गेला. म्हणून त्याच्याकडे दुसरं प्रोटीन आहे, ई६. हे पेशीचंच ई६एपी नावाचं एन्झाइम हाताशी धरतं आणि त्याच्याकरवी पी५३ वर युबिक्विटिनची खूण मारून घेतं, मग पेशीचं प्रोटीन तोडणारं यंत्र, प्रोटिअसोम, त्याचा चुरा करतं. ई६एपी एरवी पी५३ च्या वाटेला जात नाही. (याच ई६एपीचा जीन मेंदूत बिघडला की अँजेलमन सिंड्रोम होतो. सापडला होता एचपीव्हीच्या नादात, हे मला भारी वाटतं.)

आणि हे एकट्या एचपीव्हीचं नाही. अॅडेनोव्हायरस, माकडांमधला एसव्ही४० आणि एचपीव्ही ही वेगवेगळी घराणी, तरी तिघेही आरबी आणि पी५३ याच दोघांवर हात टाकतात. मुळात पी५३ सापडलं तेच व्हायरसमुळे, १९७९ मध्ये, एसव्ही४० च्या मोठ्या टी अँटिजेनला (त्या व्हायरसचं एक प्रोटीन) चिकटून आलेलं. पुढची दहाएक वर्षं ते कॅन्सर करणारं प्रोटीन आहे असंच धरून चालले होते, कारण हातात आलेल्या जीनच्या कॉप्या बिघडलेल्या होत्या. १९८९ च्या आसपास उलगडा झाला की चांगल्या स्थितीत ते नेमकं उलट काम करतं.

उलट बाजूनेही बघा, पेशी व्हायरसविरुद्ध पी५३ मुद्दाम वापरते. इन्फेक्शन झालं की इंटरफेरॉन, म्हणजे धोक्याचा इशारा देणारं प्रोटीन, सुटतं, आणि त्याने पी५३ चं उत्पादन वाढतं हे २००३ मध्ये जपानमधल्या एका ग्रुपने दाखवलं. पी५३ नसलेल्या उंदरांमध्ये व्हायरस जास्त माजला. म्हणजे आपण ज्याला कॅन्सरचं प्रोटीन म्हणून ओळखतो ते व्हायरसच्या लढाईतलं पण आहे, आणि व्हायरस त्याच्यामागे लागतो तो कॅन्सर करायला नाही, स्वतः जगायला. कॅन्सर झाला तर एचपीव्हीचं पण नुकसानच. बऱ्याचदा गाठीत त्याचा डीएनए तुटून आपल्या क्रोमोसोममध्ये अडकलेला असतो, ई६-ई७ वर वचक ठेवणारा त्याचा ई२ जीन त्यात मोडतो, आणि नवीन व्हायरस काही बाहेर पडत नाही.

ठाकूरद्वार_४

बापरे, दोनदा वाचलं. ब्रेकचं समजलं. पण मग "बरं आहे" का बोलले? ब्रेक तुटलाय यात बरं काय?

कांजूर_स्लो

कारण बऱ्याचशा एचपीव्हीच्या गाठींमध्ये पी५३ चा जीन शाबूत असतो. प्रोटीन बनतं आणि तोडलं जातं एवढंच. हेला पेशी ऐकल्या असतील, १९५१ मध्ये एका बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेतलेल्या, त्यात एचपीव्ही १८ आहे आणि पी५३ चा जीन आजही धड आहे. लॅबमध्ये त्यांचे ई६ आणि ई७ बंद केले की पी५३ परत वर येतं आणि इतकी वर्षं वेड्यासारख्या वाढणाऱ्या पेशी थांबतात.

तंबाखूच्या गाठीत असं नसतं. तिथे धुरातली, तंबाखूतली रसायनं डीएनएला चिकटून जीनचं अक्षरच बदलतात. पी५३ बिघडतं, पी१६ चा जीन तर बऱ्याच वेळा अख्खा उडालेला किंवा बंद पडलेला. एकूण सगळ्या कॅन्सरमध्ये मिळून जवळपास निम्म्यांत पी५३ बिघडलेलं असतं. एचपीव्हीवाल्या घशाच्या गाठी रेडिएशनला जास्त चांगल्या दाद देतात आणि पेशंट जास्त जगतात, हे मोठ्या ट्रायल्समध्ये दिसलंय. २०१० मधल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात तीन वर्षांनी एचपीव्ही पॉझिटिव्हपैकी ८२ टक्के हयात होते, निगेटिव्हपैकी ५७. त्यामुळे २०१८ पासून या गाठींचं स्टेजिंगसुद्धा वेगळं करतात. मानेत मोठी गाठ असूनही स्टेज कमी लिहिलेली दिसली तर घाबरू नका, छापायची चूक नसते ती.

स्लाइडवाली

यात एक भर. पी५३ च्या स्लाइडचा हिशेब आणखी उलटा असतो. निरोगी पेशीत पी५३ बनतं आणि लगेच तोडलं जातं, म्हणून स्लाइडवर कुठे फिकट कुठे गडद असे विखुरलेले न्यूक्लियस दिसतात, ते नॉर्मल. झाडून सगळे न्यूक्लियस गडद तपकिरी असले तर जीन बिघडलाय समजायचं. आणि अजिबात एकही रंगला नाही तरी बिघडलेलाच असू शकतो. मला पहिल्या वर्षी हे पाठच होईना.

कांजूर_स्लो

त्याचं कारण पण सांगतो, पावडरवाल्या काकांसाठी उपयोगी आहे. पी५३ स्वतःच एमडीएम२ नावाचं प्रोटीन बनवायला सांगतं आणि ते एमडीएम२ पी५३ ला तोडायला पाठवतं. म्हणून एरवी पी५३ चं आयुष्य मिनिटांत मोजायचं. बिघडलेल्या पी५३ ला एमडीएम२ चा जीन चालू करता येत नाही, हे एक कारण की ते तुंबून राहतं. आणि पेशी पी५३ कमी ठेवते ते उगाच नाही. उंदरांमध्ये एमडीएम२ काढून टाकलं तर पिल्लं गर्भातच मरतात, मोकाट सुटलेल्या पी५३ मुळे. पी५३ जरा जास्तच सक्रिय केलेले उंदीर कॅन्सरपासून वाचले पण लवकर म्हातारे झाले, हाडं झिजली, केस नीट उगवेनात. हत्तीकडे पी५३ च्या जीनच्या २० प्रती असतात आणि त्यांना कॅन्सर कमी होतो हे खरंय, पण ते जन्मजात, चमच्याने खाऊन नाही.

भायखळा_भाऊ

थांबा जरा. सगळे एचपीव्ही एचपीव्ही करताय, पण आमच्या वाडीत गेल्या काही वर्षांत जेवढे तोंडाचे कॅन्सर बघितले ते सगळे गुटखा, मावा, मशेरीवाले. उद्या कोणी हे वाचून बोलेल की कॅन्सर व्हायरसने होतो, चला एक पुडी फोडा. आणि हल्दीने पी५३ वाढतं हे मी पण वाचलंय बरं का, अगदीच थोतांड नसावं.

कांजूर_स्लो

भाऊ, पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर. गालाचा, हिरडीचा, जिभेच्या पुढच्या भागाचा कॅन्सर आपल्याकडे मुख्यतः तंबाखू-सुपारीचा, तिथे एचपीव्हीचा हात फारच थोडा. एचपीव्हीला आवडतात ती टॉन्सिलमधली खोल खाचरं आणि जिभेचं मूळ, तिथलं अस्तर विरळ असतं. आणि भारतात घशाच्या कॅन्सरमध्येही एचपीव्हीचं प्रमाण अमेरिका-युरोपपेक्षा कमीच. शिवाय एचपीव्ही असून वर धूम्रपान असेल तर तो वर सांगितलेला फायदा बराचसा धुऊन जातो, हे त्याच २०१० च्या अभ्यासात आहे. पुडी फोडायचं निमित्त इथे मिळणार नाही.

हळदीचं म्हणाल तर लॅबच्या बशीतल्या पेशींवर करक्यूमिन (हळदीतलं रसायन) ओतून पी५३ हलतं, पण बशीतल्या पेशींवर काय ओतलं की हलत नाही ते सांगा. आणि मामांच्या केसमध्ये पी५३ बनत नाही हा प्रॉब्लेमच नाहीये, बनतंय आणि ई६ तोडतंय. आणखी बनवलं तर आणखी तोडेल. रेडिएशन-किमो चालू असताना कुठलीही पावडर डॉक्टरांना न विचारता देऊ नका, किडनी-लिव्हरवर आधीच लोड असतो.

वसईची_नलूताई

मी ऑन्कोलॉजी वॉर्डला सिस्टर होते, आता रिटायर. सगळं शास्त्र वाचलं, पण त्या ताटांचं कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितेय.

बाळा, आधी मामीला फोन कर. तिला सांग की एचपीव्ही ताटातून, पेल्यातून, एकत्र जेवण्याने होत नाही. तो शरीरसंबंधातून येतो, तोंडाने असो वा कसाही, हे लपवायचं कारण नाही, पण ज्यांचं लग्न झालंय, संबंध आलेत, त्यातल्या बहुतेक सगळ्यांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. बाईला पण आणि पुरुषाला पण. दहातल्या नऊ जणांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कळतही नाही. थोड्यांच्या अंगात दडून बसतो आणि कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. म्हणजे मामांना लागण झाली असेल ती केव्हाची, कोणाकडून, हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. लग्नाआधीचं असेल, लग्नानंतर तिच्याकडूनच आलं असेल, तिला तरी काय ठाऊक. या एका रिपोर्टावरून कोण कसं वागलं हे ठरवायला बसलात तर माणूस उपचाराआधीच खचेल. मी वॉर्डात असे नवरा-बायको बघितलेत, रेडिएशनने घसा सोलून निघालेला, गिळवत नाही, आणि बायको डब्यातली पेज स्टुलावर ठेवून बाहेर जाऊन बसलेली.

आणि मामीला स्वतःची तपासणी करून घ्यायला सांग, मामांमुळे नाही, एरवी पण ३० नंतर प्रत्येक बाईने करायचीच असते ती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी ७० टक्के याच एचपीव्हीच्या १६ आणि १८ नंबरचे. आपल्या मुंबईतच टाटा हॉस्पिटलने झोपडपट्टीतल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला होता, दहावी-बारावी शिकलेल्या मुलींना शिकवून, गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पातळ अॅसिड लावायचं आणि पांढरा डाग पडतो का बघायचं, दर दोन वर्षांनी. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये जाहीर झालं ते. एवढ्याशा खर्चात. आमच्या वेळी हे असतं तर, असो.

दोन_पोरांची_आई

मधेच विचारते, मुलगी ११ची, मुलगा १३चा. ती एचपीव्हीची लस फक्त मुलींना ना?

वसईची_नलूताई

नाही, मुलांना पण देतात. ९ ते १४ वयात दोन डोस, त्यानंतर सुरू केली तर तीन. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून आलीय, बाहेरच्यांपेक्षा स्वस्त. लागण व्हायच्या आधी दिली तर खरा उपयोग, झालेल्या कॅन्सरवर तिचा उपचार म्हणून काही उपयोग नाही, म्हणून मामांना नको.

स्लाइडवाली

ठाकूरद्वार, एक कामाचं राहिलं. पी१६ ही एचपीव्हीची आडून लागणारी खूण आहे, थेट पुरावा नाही. पी१६ पॉझिटिव्ह येऊन एचपीव्ही न सापडणारे पेशंट असतात, घशाच्या गाठींत पी१६ आणि एचपीव्ही टेस्ट जुळत नाहीत असे जवळपास दहात एक, आणि जिथे एचपीव्ही कमी तिथे आणखी जास्त. आपण तिकडेच मोडतो. अशांचा निकाल दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांइतका चांगला नसतो. त्याच ब्लॉकवर एचपीव्ही थेट शोधणारी इन-सिटू किंवा पीसीआर टेस्ट होते, नवीन बायोप्सी लागत नाही. ब्लॉकसाठी अर्ज दिला की लॅब देते, पावती जपून ठेवा. दुसऱ्या ठिकाणी ओपिनियनला जाणार असाल तर स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही घेऊन जा, नुसता कागद बघून कोणी पुढे जात नाही. आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते!

कांजूर_स्लो

आणि "बरं आहे" ऐकून कोणी घरचं बोललं की मग किमो कशाला, हलकं काहीतरी द्या, तर ऐकू नका. नेमका हाच प्रयोग झालाय. सिस्प्लॅटिन या नेहमीच्या किमोऐवजी सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध देऊन बघितलं, दोन मोठ्या ट्रायल्स, २०१८ मध्ये निकाल आले, दोन्हीत सेटुक्सिमॅबवाले कमी जगले. पी५३ शाबूत आहे याचा फायदा घ्यायला डीएनएवर नीट मार बसावा लागतो, असा माझा आपला अंदाज, डॉक्टर नाही मी.

ठाकूरद्वार_४

सगळ्यांचे मनापासून आभार. मामीला फोन केला, नलूताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, मधे काही बोलली नाही, शेवटी विचारलं की तपासणी कुठे करतात. आईने पावडर कॅन्सल केलेली नाही, ती बोलते मी स्वतः खाईन. सोमवारी लॅबमध्ये ब्लॉकसाठी अर्ज देतोय. स्लाइडवाली, अर्जात इन-सिटू असंच लिहायचं का पूर्ण नाव लागतं?

स्लाइडवाली

लॅबच्या अर्जात फक्त ब्लॉक आणि स्लाइड परत हव्यात एवढंच लिहा, बायोप्सी नंबर टाका. टेस्टचं नाव डॉक्टर लिहून देतील, "हाय रिस्क एचपीव्ही, ई६-ई७ एमआरएनए इन-सिटू" असं असेल तर सगळ्यात उत्तम, त्यात व्हायरस नुसता पडून आहे की काम करतोय तेच दिसतं. साडेबाराच्या आत जा, नंतर रेकॉर्डवाले जेवायला जातात.